पेटीवर वेग मोजणारे मगदूम सर

आमचं घर दोन खोल्यांचं आहे असं आई पाहुण्यांना सांगायची. खरं म्हणजे खोली एकच होती आणि मधे जुनी साडी बांधलेली. साडीच्या अलीकडं आम्ही चौघं, पलीकडं म्हैस. ती म्हैससुद्धा आमची नव्हती, वाट्यानं पाळायला घेतलेली. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, उसाच्या हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे आणि हंगाम संपला की बाजारात पोती उचलायचे. या दोन्हीच्या मधले पंधरा-वीस दिवस चूल दिवसातनं एकदाच पेटायची. मी हातकणंगल्याला कॉलेजात जायचे ते आईची चप्पल घालून. मी परत येईपर्यंत आई गोठ्यात, रस्त्यावर, सोसायटीत, सगळीकडं अनवाणी. माझ्या आधी आमच्या घरातनं दहावीपर्यंत पोचलेला माणूस एकच, माझा चुलता, आणि तोही नापास झालेला. अकरावीला मी सायन्स घेतलं तेव्हा भावकीतली एक बाई आईला म्हणाली होती, "पोरीला सायन्स कशाला गं? म्हशीला काय इंजेक्शन द्यायचंय?"

त्या वर्षी मगदूम सर भेटले नसते तर त्या बाईचं बोलणं खरं ठरलं असतं.

पहिल्या तासाला सर वर्गात आले ते सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं एक खोकं काखेत मारून. अंगानं काटकुळे, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या, मनगटावर घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी आतल्या बाजूला. आम्हाला वाटलं खोक्यात प्रयोगाचं सामान असेल. त्यांनी ट्यूब सोडली तर आत पेटी. भजनात वाजवतात तीच.

"आज भजन हाय वाटतं," मागनं कोण तरी म्हणालं.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मनगट उताणं करून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं गप बसा. मिरजेकडनं गाडी यील."

आमचं कॉलेज रुळाला लागूनच. गाडी आली की मास्तर मंडळी वैतागून थांबायची. हा माणूस गाडीची वाट बघत होता. लांबून हॉर्न ऐकू आला तसं त्यांनी भाता हलवला आणि एक पट्टी दाबून धरली. हॉर्नचा सूर आणि पेटीचा सूर एकात एक मिसळले. गाडी वर्गाच्या भिंतीला घासून गेल्यासारखी गेली आणि त्याच क्षणी हॉर्न खाली घसरला. पेटी वरच राहिली, दोन्ही सूर भांडायला लागले. सरांचं बोट डावीकडं सरकलं, एक पट्टी, मग अजून एक, आणि सूर पुन्हा जुळले.

"दोन पट्ट्या उतरला," सर म्हणाले. "गाडी ताशी सत्तरच्या आसपास हुती."

"सर, ड्रायव्हरला फोन लावलाता काय?"

वर्ग हसला. तेव्हा सर पहिल्यांदा हसले. "फोन कशाला, तम्मा? त्यो सोताच सांगून गेला की."

सर मूळचे गडहिंग्लजकडचे, नेसरीचे. तिकडं कानडीचा शेजार, त्यामुळं मुलगा दिसला की तम्मा आणि मुलगी दिसली की अक्का. आडनावानं त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. आडनाव घेतलं की पोरगं कुठल्या घरचं ते कळतं, आणि ते मला कळून घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी खिशातनं भुईमुगाच्या शेंगा काढल्या. एका पोराला वर्गाच्या टोकाला उभं केलं, मला दुसऱ्या टोकाला. "तम्मा, टाळी वाजली की एक शेंग अक्काकडं टाकायची. टाळी सारखीच पडणार." पहिल्यांदा तो जागेवर उभा राहून टाकत होता. मला आरामात झेलता आल्या. "आता तिच्याकडं चालत जात टाक." टाळी तीच, पण शेंगा दमादमानं यायच्या ऐवजी लगालगा यायला लागल्या, कारण प्रत्येक शेंगेला आधीच्यापेक्षा थोडा कमी रस्ता कापायचा होता. "आता मागं मागं जात टाक." आता मला शेंगेची वाट बघावी लागली.

"आवाज म्हंजे अशाच शेंगा," सर म्हणाले. "हवेतनं एकामागनं एक येणाऱ्या लाटा. वस्तू जवळ आली की लाटा दाटून येत्यात, सूर चढतो. लांब गेली की पांगत्यात, सूर उतरतो. किती उतरला ते मोजलं की वस्तू किती जोरात चाललीया ते कळतं. आन् अक्का, शेंगा खा आता."

पुढं दोन वर्षं ते शिकवतच होते, पण माझं भौतिकशास्त्र त्या शेंगांपासनं सुरू झालं.

सरांना वेगाचा नाद होता. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "कुठनं आलास? किती वेळ लागला?" आणि तुम्ही सांगून संपायच्या आत त्यांचं ओठातल्या ओठात गणित झालेलं असायचं. आमच्या शिपायाला ते म्हणायचे, "ऑफिसात जाताना तू ताशी दोननं चालतोस आणि चहाला जाताना साडेपाचनं." म्हैस चरायला जाते त्याच्या दुप्पट वेगानं घरी येते, हे त्यांनी स्वतः म्हशीमागनं चालून मोजलं होतं. डबा ते आमच्यातच बसून खायचे. भाकरी, खर्डा आणि कांदा. खर्डा असा की बघूनच डोळ्यांत पाणी यावं. "कान हे फुकट मिळालेलं यंत्र हाय," घास चावता चावता म्हणायचे, "त्याला गंज चढू देऊ नका."

आणखी एक खोड होती. फळ्यावर कुणाचं गणित चुकलं की सर ते पुसू द्यायचे नाहीत. चुकीच्या उत्तराभोवती चौकट मारायची आणि शेजारी बरोबर उत्तर लिहायचं. चौकट दिवसभर फळ्यावर राहायची. पहिल्या चाचणीत माझं एक उत्तर असं दिवसभर टांगलेलं होतं. मी जेवले नाही. सर म्हणाले, "लाजतीस कशाला? चुकलेलं दिसतंय म्हणून तर बरोबर कुठलं ते कळतंय." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

त्यांच्या कानाची गावभर ख्याती व्हायला एक मोटारसायकल कारण झाली. बारावीतला एक पोरगा कॉलेजच्या दारातनं हॉर्न दाबून धरत गाडी मारायचा. प्राचार्यांनी पकडला तर म्हणाला, "सर, तीसच्या वर काटाच जात न्हाय माझ्या गाडीचा." प्राचार्यांनी मगदूम सरांना बोलावलं. सर व्हरांड्यात पेटी घेऊन बसले आणि त्याला म्हणाले, "जा, रोजच्यासारखा एकदा जाऊन ये. हॉर्न सोडू नको." पोरगा शहाणा, हळू गेला. पेटीवर सूर पुरी एक पट्टीही उतरला नाही. "हे तीसच्या आतलं," सर म्हणाले, "आन् रोज तू दोन पट्ट्या उतरतोस, तम्मा. मी स्टाफरूममदनं रोज ऐकतोय. सत्तर." पोरगा खाली बघायला लागला. शिक्षा काय, तर महिनाभर मधल्या सुट्टीत पेटीचा भाता मारायचा. पोरगं पुढं त्यांच्याच भजनात पेटी शिकलं.

आता मला सांगायचंय ते बारावीच्या वर्षाचं.

आप्पा ज्यांचा ट्रॅक्टर चालवायचे त्यांना सगळे आबा म्हणायचे. आमच्याकडं उसाचा ट्रॅक्टर म्हणजे मागं दोन ट्रॉल्या आणि वर मोठमोठे साउंड बॉक्स, दोन गावांना पुरतील एवढी गाणी. आप्पा एकटेच गाणी न लावता जायचे. इतर ड्रायव्हर चिडवायचे, "रघू, मयताला चाललाईस काय?" आप्पा म्हणायचे, "गाण्यात पिनीचा आवाज ऐकू येत न्हाय." दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडणारी लोखंडी पिन असते. ती कुरकुरते कशी, यावर आप्पांचं ध्यान असायचं.

त्या संध्याकाळी, पाचच्या सुमाराला, पिठाच्या गिरणीच्या पुढच्या वळणावर मागची ट्रॉली सुटली आणि कलंडली. ऊस रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर कोसळला. टपरीवाल्या दत्तूअण्णांचा पाय मोडला. जीव वाचला हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात एकच बोलणं, रघू जोरात चालवत होता. आबांनीच ते पहिल्यांदा म्हटलं. आप्पा सांगत राहिले, पिन तुटली. आबा म्हणाले, "पिन तुटायला बी वेग लागतोय की. लोड गाडी चाळीस-पन्नासनं हाणल्यावर पिन काय करंल?" चार दिवसांनी, सोमवारी, पोलिसांत जबाब द्यायचे होते. आदल्या दिवशी, रविवारी, आबांनी गावची बैठक ठेवली. माणूस जायबंदी करणारा ड्रायव्हर असं एकदा नाव लागलं की पंचक्रोशीत आप्पांच्या हातात कुणी स्टेअरिंग देणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आईनं मला हळूच सांगितलं, "बारावीचं तेवढं पेपर दे. फुडचं बघू." 'फुडचं बघू'चा अर्थ मला कळत होता. पुढच्या वर्षी मी दुसऱ्यांच्या शेतात तण काढायला, भांगलणीला जाणार होते.

आणि मला आठवलं. मोटारसायकलवरनं दूध गोळा करणारा तानाजीदादा गावातल्या दूधवाल्या बायकांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकायचा. त्या संध्याकाळचा निरोप मी आईच्या मोबाईलवर पुन्हा लावला. "वैनी लोक, उद्या धार लवकर काढा, गाडी लवकर येनार हाय..." आणि त्याच्या मागं आप्पांचा हॉर्न! वळणाआधी आप्पा हॉर्नवरचा हात काढत नाहीत. हॉर्न चढा येत होता आणि मग उतरत होता. निरोपाची वेळ अपघाताच्या जेमतेम एक मिनिट आधीची.

मी पळत सरांकडं गेले. मला वाटलं, आप्पा सुटले.

सरांनी निरोप आठ-दहा वेळा ऐकला. पेटीवर सूर लावला, मग मोबाईलवर सूर मोजायचं अ‍ॅप असतं त्यानं कंपनं मोजली. हॉर्न जवळ येताना सेकंदाला चारशे पंधरा, लांब जाताना तीनशे पंच्याऐंशी. कागदावर त्यांनी शांतपणे गणित केलं. मग पेन ठेवलं.

"अक्का, शेहेचाळीस येतंय."

अठरा-वीसच्या पुढं लोड गाडी नेत नाही, असं आप्पांनी मला स्वतः सांगितलं होतं.

"सर, कुणाला सांगू नका," एवढंच माझ्या तोंडातनं आलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "आकडा तुझा न्हाय, माझा बी न्हाय. बैठकीत मला कुणी विचारलं तर मी ह्योच सांगणार. पर ज्याच्याबद्दल हाय त्याला आधी कळाय पायजे. चल घरी."

आमच्या घरात येणारे ते पहिले प्राध्यापक. साडीच्या अलीकडं पोत्यावर बसले. आईनं चहा टाकला. सरांनी आप्पांना न फिरवता सांगितलं, शेहेचाळीस. आप्पांचा चेहरा असा झाला की मला तिथनं उठून जावंसं वाटलं.

"सर, मी खोटं बोलत न्हाय."

"मी बी न्हाय, रघुनाथराव," सर म्हणाले. "म्हंजे आपल्या दोघांच्या मधी तिसरंच कायतरी चुकलंय. ते घावंस्तोवर मी उठत न्हाय."

त्यांनी निरोप पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. आई चुलीपाशी चहा गाळत होती. चौथ्या वेळेला ती हात न थांबवता म्हणाली, "ह्यो तानाजी गाडीवर बसून बोलाय लागलाय."

"न्हाय वैनी," सर म्हणाले, "येताना वाटंत इचारलंय त्याला. गाडी कडंला लावून बोललो म्हणतोय."

"मग किटल्या कशा वाजत्यात?" आईनं गाळणी झटकली. "दुधाच्या रिकाम्या किटल्या हायत त्या. उभ्या गाडीवरची किटली वाजत न्हाय. मी रोज ऐकत्येय की."

सर पोत्यावरनं उठून उभेच राहिले. चहा तसाच. मोबाईल कानाला लावला, डोळे मिटले. मग एकदम म्हणाले, "वैनी, ह्यात ती घूंऽऽ करतीया ती कोण? गिरणी न्हवं?"

"गिरणीच की. पाचला चालू असती."

"आन् तिचा बी सूर उतरतोय! ऐका, ऐका... हां, उतरला!" सरांनी मांडीवर थाप मारली. "आरं, गिरणी काय ट्रॉलीला जोडून नेलीती काय? गिरणी जागची हलत न्हाय. तरी तिचा सूर उतरला. मग हलणारा कोण?"

आप्पांना अजून कळलं नव्हतं. सरांनी चहाच्या दोन कपांनी दाखवलं. हा ट्रॅक्टर, हा समोरनं येणारा तानाजी. ऐकणारा उभा आहे असं धरलं म्हणून सगळा वेग ट्रॅक्टरच्या नावावर चढला. खरं तर तो दोघांच्या वेगाची बेरीज होती. आणि तानाजीचा एकट्याचा वेग काढायला ती गिरणी जागच्या जागी उभी होती. सरांनी गिरणीचे दोन सूर मोजले. तानाजी, अठ्ठावीस. शेहेचाळीसातनं अठ्ठावीस गेले, उरले अठरा.

आईकडं वळून सर म्हणाले, "वैनी, ऐकणारा हलला तरी सूर बदलतो, हे मी तीस वर्षं दरसाल फळ्यावर लिवतोय. आन् माझ्याच ध्यानात आलं न्हाय. तुमच्या ध्यानात आलं."

"मला त्यातलं काय कळतंय? किटल्या वाजल्या म्हणून बोलले," आई म्हणाली आणि पदर सारखा केला.

पण कागदावरचं गणित गावाला पटत नसतं. सरांनी रविवारची बैठक गिरणीच्या अंगणात घ्यायला लावली. निम्मं गाव जमलं. दत्तूअण्णांना त्यांच्या पोरांनी खाटेसकट आणून ठेवलं होतं. सरांनी पेटी सोडली तसे आबा म्हणाले, "मास्तर, आता पेटीवर न्याय करायचा काय?"

"पेटी नुसती साक्षीला, आबा."

पहिली अडचण तानाजीदादा. त्याला मधे बोलावून सरांनी विचारलं, "गाडी उभी हुती का चालू?"

"उभी हुती. आईच्यान्."

गर्दीतनं त्याची बायको ओरडली, "खोटं बोलाय लागलाईसा! गेल्या साली फोनवर बोलता बोलता गटारीत पडलासा, तवा माझ्या डोस्क्यावर हात ठिवून शपथ घेतली न्हवं, गाडीवर फोन घेनार न्हाय म्हणून?"

"तेच की!" तानाजीदादा कळवळून म्हणाला. "म्हणून तर उभी हुती म्हणतोय!"

सगळं अंगण हसलं. दत्तूअण्णा खाटेवर हसले आणि लगेच पाय धरून कळवळले. तानाजीदादानं मग कबूल केलं. गाडी चालू होती.

सरांनी गिरणीच्या दारावर खडूनं मोठा आकडा काढला. ४६. त्याभोवती चौकट मारली. "ही माझी चूक," ते एवढ्या लोकांसमोर म्हणाले. "मी रघुनाथरावांच्या घरी जाऊन त्यांना जोरात चालवलं म्हणून सांगून आलोय." मी त्या चौकटीपायी एक दिवस जेवले नव्हते.

मग गिरणी सुरू केली. सर मोबाईल हातात धरून रस्त्याकडेला उभे राहिले आणि आवाज भरून घेतला. तिथं उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरच्या साउंड बॉक्सवर लावला. घूंऽऽ, पहिल्यापासनं शेवटपर्यंत एकच सूर. पेटीची एकच पट्टी त्याला शेवटपर्यंत पुरली. मग तोच मोबाईल तानाजीदादाच्या खिशात घातला. "रोज जातोस तसा जा." किटल्या खडखडवत तो गिरणीसमोरनं गेला आणि आला. पुन्हा साउंड बॉक्सवर लावलं. गिरणी जागेवरच होती, पण तिचा सूर मधेच खाली घसरला. पुढं बसलेल्या बायकांनी आधी ओळखलं. "उतरला, उतरला!"

सरांनी दारावर २८ लिहिलं, मग १८.

आबा सहजासहजी ऐकणारे नव्हते. "तानाजीचा अठ्ठावीस कशावरनं? त्या दिवशी त्यो जास्त जोरात असंल."

"असू दे की," सर म्हणाले. "दोघांची बेरीज शेहेचाळीस. तानाजीचं वाढवलं तर ट्रॅक्टरचं आणखी कमी हुतंय, आबा. सांगा, कुठं वाढवू?"

सगळे आबांकडं बघत होते.

"आरं, पर मग माझा पाय मोडला कशानं?" खाटेवरनं दत्तूअण्णा म्हणाले.

आप्पा उठले, खिशातनं फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा काढला आणि दत्तूअण्णांच्या हातात दिला. तुटक्या पिनीचा निम्मा भाग. "चार दिस खिशात हाय. कुणी इचारलंच न्हाय. सगळी वेगाचंच बोलत हुती."

दत्तूअण्णांनी तुटलेली बाजू उजेडाला धरली. अर्धी चकचकीत, अर्धी गंजून काळी पडलेली. त्यांनी गंजावरनं बोट फिरवून बोट आबांना दाखवलं. "आबा, ह्यो गंज चार दिसाचा न्हाय."

आबांनी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. मोठा माणूस, गावात वजन असलेला. शेवटी म्हणाले, "गेल्या महिन्यात रघूनं सांगितलंतं पिनीचं. मीच म्हणलं, हंगाम निघू दे." मग म्हणाले, "उद्या ठाण्यात मी पिनीचंच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. दत्तूअण्णांच्या दवाखान्याचंही तेच बघायला लागले. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहिते.

बैठक उठली तेव्हा लोकांनी सरांभोवती गराडा घातला. कुणी म्हणे हार आणा, कुणी फेटा. सर पेटी बांधत होते. म्हणाले, "फेटा त्या वैनीला बांधा. मी चुकलेलो माणूस." आणि खरंच, पोरांनी जाऊन आईला फेटा बांधला. आई लाजून घरात पळाली, पण फेटा तिनं उतरवला नाही. साडीपलीकडं जाऊन धार काढली ती फेटा बांधूनच.

पुढं बारावीला मला भौतिकशास्त्रात चांगले मार्क पडले. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाच्या धंद्याच्या रकान्यात आप्पांनी मला 'ड्रायव्हर' असं ठळक लिहायला सांगितलं. सरांनी दारावर काढलेला तो ४६ आणि त्याची चौकट गिरणीवाल्यानं वर्षभर पुसली नाही. दळण टाकायला आलेल्या परगावच्या माणसाला तो सांगायचा, "पावणं, ह्यो आकडा चुकीचा हाय, म्हणून ठेवलाय." मी पुढं शिकत गेले, सर निवृत्त होऊन नेसरीला गेले. मधे बरीच वर्षं भेट नव्हती.

गेल्या वर्षी नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "आधी सरांना दाखवून ये." मी नेसरीला गेले. सर शेताच्या बांधावर उभे होते, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. वय झालं होतं. कानात यंत्र होतं. मला ओळखायला त्यांना दोन क्षण लागले, मग म्हणाले, "अक्का! कुठनं आलीस? किती वेळ लागला?" मी सांगितलं, तसे ओठ हलले. "यष्टीनं ताशी एकतीस. वाईट न्हाय."

पत्र त्यांनी लांब धरून सगळं वाचलं, अगदी खालच्या शिक्क्यापर्यंत. घडी केली. माझ्या हातात दिली. मी पाया पडायला वाकले तर मागं सरकले. "शेतात चिखल हाय, हितं नको." मग विचारलं, "वर्गात पोरं किती?"

"साठ, सर."

"मागच्या बाकावरच्याला ऐकू जाईल?"

मी म्हटलं, जाईल. सर दोनदा मान हलवून वळले आणि फावडं घेऊन पाण्याचा पाट फोडायला निघाले. मी बांधावर उभी होते. त्यांना पाठमोरं बघितलं ते शेवटचं. त्यानंतर सहा महिन्यांनी ते गेले.

आप्पा आजही ट्रॅक्टर चालवतात, आणि त्यांच्या नावावर एकही गुन्हा नाही. मी एम.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि आज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.